सांभाळून घेणं आणि पुढे नेणं



'मोठ्या कंपन्या आणि स्त्रियांची प्रगती' असा विषय ऐकला की डोळ्यांपुढे मुंबईतल्या उंच इमारती येतात, नाही तर हिंजवडीतली काचेची ऑफिसं. यवतमाळ म्हटलं की कापूस आठवतो, तूर आणि सोयाबीन आठवतं, आणि दुर्दैवाने शेतकऱ्यांच्या आत्महत्या आठवतात. कंपनी कुणालाच आठवत नाही. पण आपल्या जिल्ह्यात कंपन्या आहेत, आणि चांगल्या मोठ्या आहेत. यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत रेमंडची डेनिमची गिरणी आली. झरी-जामणी तालुक्यात मुकुटबनला २०२२ साली बिर्ला समूहाचा सिमेंट कारखाना सुरू झाला. आणि वणीचा सगळा पट्टा तर कोळशावरच उभा आहे. उकणी, जुनाड, पिंपळगाव, कोलारपिंपरी, घोन्सा, मुंगोली ही गावांची नावं आपण आता गावांपेक्षा खाणींची म्हणूनच घेतो. या खाणी वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या. ही कोल इंडियाची उपकंपनी, मुख्यालय नागपुरात. देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक आपल्या दारात उभी आहे. तेव्हा हा विषय आपलाही आहे.

मी वणीत बरीच वर्षं महाविद्यालयात वाणिज्य शिकवलं. 'कर्मचारी व्यवस्थापन' हा त्यातला एक पेपर. भरती, प्रशिक्षण, बढती अशी त्यातली प्रकरणं. भरतीचं प्रकरण मुली मन लावून वाचायच्या. बढतीच्या प्रकरणाशी मात्र आपला काही संबंध नाही, असाच बहुतेकींचा चेहरा असायचा. त्यात त्यांचा दोष नव्हता. आपल्या घरांत मुलाला नोकरी लागली की दोन वर्षांनी पाहुणे विचारतात, "आता कोणत्या पोस्टवर आहे?" मुलीबद्दल विचारतात, "अजून करते का नोकरी?" मुलाची नोकरी ही सुरुवात असते आणि मुलीची नोकरी हा शेवट असतो. आज मला बोलायचं आहे ते या दोन प्रश्नांमधल्या अंतराबद्दल.

आधी थोडा इतिहास सांगते, कारण तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. बायका खाणीत काम करू शकत नाहीत, ही समजूत जुनी वाटते, पण ती तितकी जुनी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशातल्या कोळसा खाणींत हजारो बायका जमिनीखाली उतरत. नवरा कोळसा फोडायचा, बायको टोपलीतून वाहून न्यायची. १९२९ च्या नियमांनी त्यांना टप्प्याटप्प्याने वर आणायला सुरुवात झाली आणि १९३७ पर्यंत भूमिगत काम पूर्ण बंद झालं. मग दुसरं महायुद्ध आलं, कोळसा कमी पडायला लागला, आणि १९४३ साली सरकारने ही बंदी तात्पुरती उठवली. ज्या प्रांतांत ती उठली त्यांत आपला 'मध्यप्रांत व वऱ्हाड'ही होता. देशभर यावर टीका झाली. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांना या निर्णयाचं उत्तर द्यावं लागलं. ही युद्धकाळापुरती अडचणीची तजवीज आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण एका मुद्द्यावर ते ठाम होते. खाणीत उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, आणि समान कामाला समान दाम हे तत्त्व या देशात कुठल्या उद्योगात बहुधा पहिल्यांदाच मान्य होत आहे, असं त्यांनी सभागृहाला सांगितलं. श्रोतेहो, ही गोष्ट आपल्या भागातल्या प्रत्येक मुलीला ठाऊक असायला हवी.

१९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. १९५२ च्या खाण कायद्याने ती पक्की केली. बाईने जमिनीखाली जायचं नाही, आणि जमिनीवरही संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत काम करायचं नाही. हेतू वाईट नव्हता. त्या काळच्या खाणी म्हणजे मृत्यूचे सापळे होते, आणि लहान मुलांच्या आयांना त्यातून वाचवणं हे पुण्याचंच काम होतं. पण या संरक्षणाची एक किंमत होती आणि ती पुढे साठ-सत्तर वर्षं बायकांनी मोजली. ती कशी, ते सांगते.

खाण हा सुशिक्षितांच्या जगातला एक चमत्कारिक उद्योग आहे. इथे नुसत्या पदवीवर कुणी मोठं होत नाही. मायनिंग सरदार, ओव्हरमन, मग दुसऱ्या वर्गाचा आणि पहिल्या वर्गाचा व्यवस्थापक अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचा दाखला लागतो. आणि दाखल्याच्या परीक्षेला बसायचं तर खाणीतल्या प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. भूमिगत खाणीचा दाखला हवा असेल तर भूमिगत कामाचा अनुभव. आता बाईला जमिनीखाली जायलाच मनाई असेल, तर तिने हा अनुभव आणायचा कुठून? म्हणजे वरच्या खुर्चीवर 'स्त्रियांना प्रवेश नाही' अशी पाटी कुणी लावली नव्हती. फक्त खालची पायरी काढून ठेवली होती. नागपूरच्या ज्या मुलीने १९९९ साली देशातली पहिली स्त्री खाण अभियंता होण्याचा मान मिळवला, तिला हे शिक्षण घेण्यासाठी आधी न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं होतं.

मग वणीच्या खाणींत आज ज्या बायका दिसतात, त्या आल्या कशा? मुख्य वाटा दोन. पहिली वाट अनुकंपेची. नवरा किंवा वडील नोकरीत असताना वारले, की वारसाला नोकरी. कोळसा कामगारांच्या राष्ट्रीय वेतन करारात ही तरतूद आहे. त्यात बाईसाठी एक खास कलम आहे. ती पंचेचाळिशीच्या आत असेल तर तिने नोकरी घ्यायची की दरमहा ठरावीक रक्कम, हे ती निवडू शकते. दुसरी वाट जमिनीची. प्रकल्पात जमीन गेली तर कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणानुसार दोन एकरांमागे एक नोकरी.

पहिल्या वाटेने आलेली बाई कशी असते पाहा. वय तीस-पस्तीस, शिक्षण सातवी-आठवी, पदरात दोन-तीन मुलं, आणि नवरा जाऊन वर्षही झालेलं नाही. तिला कंपनी खरोखरच सांभाळून घेते. लॅम्परूममध्ये, टाइम ऑफिसात, दवाखान्यात, पाणी द्यायला, फायली पोचवायला असं काम तिला देतात. पगार पुरुष कामगाराइतकाच, दवाखाना मोफत, राहायला वसाहतीत क्वार्टर. भालरच्या वसाहतीत किंवा राजूरच्या जुन्या घरांत या पगारावर शिकलेली कितीतरी मुलं मी माझ्या वर्गात पाहिली आहेत. एका पगाराने एक घर वाचतं म्हणजे काय, हे आत्महत्याग्रस्त जिल्ह्यात राहणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको. याबद्दल कंपनीला श्रेय दिलंच पाहिजे.

पण तीच बाई पंचवीस वर्षांनी निवृत्त होते तेव्हा कुठे असते? पुष्कळदा त्याच टेबलाशी. तिच्याबरोबर त्याच महिन्यात, त्याच अनुकंपेवर लागलेला तरुण डंपर शिकला, मग डोझर शिकला, त्याची श्रेणी वाढत गेली. ती मात्र 'आमच्या ताई' राहिली. तिचा सगळ्यांनी मान राखला, पण बढती कुणी दिली नाही, आणि तिनेही कधी मागितली नाही.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. ती एका मोठ्या उद्योगात आहे. उद्योगाचं नाव घेत नाही, कारण ही गोष्ट कुठेही घडू शकते. तिच्या विभागातून तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला माणसं पाठवायची होती. सेवाज्येष्ठतेने तिचं नाव दुसरं. यादी लागली तेव्हा ते त्यात नव्हतं. तिने विचारलं तर साहेब अगदी मायेने म्हणाले, "अहो ताई, तुमचा मुलगा दहावीला. तीन आठवडे बाहेरगावी कुठे जाता? म्हणून मीच तुमचं नाव वगळलं." साहेब वाईट नव्हते. पण ज्याचं नाव यादीत होतं त्याचाही मुलगा दहावीलाच होता. त्याला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. पुढच्या बढतीच्या वेळी त्या तीन आठवड्यांचं प्रमाणपत्र मागितलं गेलं, हे सांगायला नकोच.

श्रोतेहो, छळ ओळखता येतो, त्याविरुद्ध तक्रार करता येते. २०१३ च्या कायद्याने दहा माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असावी लागते. पण दयेविरुद्ध तक्रार कुठे करायची? सांभाळून घेणं ही एक गोष्ट आणि पुढे नेणं ही दुसरी. आपल्या कंपन्यांना, आणि आपल्या घरांनाही, पहिली चांगली जमते. दुसरी शिकायची आहे.

सांभाळून घेण्याची हद्द कुठवर जाते याचा एक नमुना कोळसा उद्योगातच सापडतो. महिला कामगाराने स्वेच्छानिवृत्ती घेतली तर तिच्या जागी तिच्या मुलाला नोकरी, अशी योजना कोल इंडियाने राबवली होती. २०१४ सालीही ती नव्याने आली होती. घरात ती सगळ्यांना आवडली. आई थकली आहे, पोरगा बेकार आहे, एका सहीने दोन्ही प्रश्न सुटतात. पण हिशेब मांडून पाहा. बाईची नोकरी ही तिची नव्हतीच. नवऱ्याकडून मुलाकडे जाईपर्यंत मधल्या काळात तिने ती राखायची होती, इतकंच. ज्या खुर्चीची आपण राखणदार आहोत, तिच्यावरून वरच्या खुर्चीकडे कोण पाहील? कोल इंडियात आजही शंभर कर्मचाऱ्यांत दहासुद्धा बायका नाहीत, यामागे अशी अनेक कारणं आहेत.

आता बदललं काय, ते पाहू. २९ जानेवारी २०१९ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून खाणीतली ही मनाई सैल केली. उघड्या खाणीत बाई रात्रपाळी करू शकेल. मात्र तिची लेखी संमती हवी, एका पाळीत किमान तिघी हव्यात, आणि सुरक्षिततेची व सोयींची जबाबदारी मालकाची. भूमिगत खाणीत तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी ती दिवसा उतरू शकेल. दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, कोल इंडियाच्या झारखंडमधल्या उपकंपनीत आकांक्षा कुमारी ही तरुण अभियंता भूमिगत खाणीत रुजू झाली. कोल इंडियाच्या इतिहासातली ती पहिली. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत सर्व प्रकारच्या आस्थापनांत, सर्व प्रकारच्या कामांत बाईला घेता येईल आणि तिच्या संमतीने रात्रपाळीही देता येईल, असं तत्त्वच मान्य झालं आहे. काढून ठेवलेली पायरी परत बसवली गेली. आता प्रश्न आहे तो चढण्याचा.

त्यासाठी कंपनी काय करू शकते, याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. १९७४ साली पुण्याच्या टेल्कोच्या जाहिरातीत 'स्त्रियांनी अर्ज करू नये' असं छापलं होतं. ते वाचून सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि त्या कारखान्यातल्या पहिल्या स्त्री अभियंता झाल्या. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात अलीकडे मोटारींच्या जुळणीची एक अख्खी लाइन बायकांच्या हाती दिली गेली. एकटी पोस्टकार्ड लिहिणारी मुलगी धाडसी असते. पण कंपनीने मुद्दाम ठरवून प्रशिक्षण दिलं, बस दिली, वसतिगृह दिलं, तर धाडसी नसलेल्या मुलीही पुढे जातात. आणि जगात धाडसी नसलेली माणसंच जास्त असतात, पुरुषांतसुद्धा. टाटा समूहाने २००८ मध्ये बाळंतपण किंवा घरच्या अडचणींमुळे नोकरी सोडलेल्या शिकलेल्या स्त्रियांना परत कामावर आणण्यासाठी वेगळी योजना सुरू केली होती, तीही याच जातीची.

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर एसटी महामंडळाचं उदाहरण घ्या. चालक व्हायचं तर अवजड वाहन चालवण्याचा अनुभव हवा, ही अट. आदिवासी पाड्यावरच्या मुलीने ट्रक कुठे चालवायचा? २०१९ च्या सुमारास महामंडळाने स्त्रियांसाठी ही अट सैल केली आणि प्रशिक्षण आपणच द्यायचं ठरवलं. त्या प्रयोगात यवतमाळ जिल्ह्यातल्या आदिवासी तरुणींची निवड झाली होती. पुढे करोना आला, मग कर्मचाऱ्यांचा लांबलेला संप झाला, आणि राज्यातल्या पहिल्या महिला चालकांनी प्रवाशांना घेऊन स्टिअरिंग हाती धरलं ते जून २०२३ मध्ये. चार वर्षं वाट पाहायला लागली. पण लक्षात घेण्यासारखं हे, की महामंडळाने परीक्षा सोपी केली नाही. घाटात बस बसच असते. फक्त परीक्षेपर्यंत पोचण्याची वाट करून दिली. पुढे नेणं म्हणतात ते याला.

कायद्यानेही काही आधार दिले आहेत. २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे, पन्नासावर कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक आहे, आणि नव्या संहितेतही हे कायम आहे. शेअर बाजारातल्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर एक तरी स्त्री हवी, असं २०१३ चा कंपनी कायदा सांगतो. म्हणजे वरच्या मजल्यावर एक बाई कायद्याने बसवली, खालच्या मजल्यावर अनुकंपेने. जिना मात्र रिकामा आहे. ओव्हरमन, फोरमन, पाळीप्रमुख, विभागप्रमुख या मधल्या पायऱ्यांवर बायका दिसतील तेव्हा काही घडलं असं म्हणता येईल. त्यात आणखी एक अडचण अशी की उघड्या खाणींतलं माती उपसण्याचं बरंचसं काम आता खासगी ठेकेदारांकडे गेलं आहे. ठेकेदाराकडे जिनाच नसतो. आज काम आहे, उद्या नाही. आपल्या जिनिंगमध्ये सरकी-कापूस वेचणाऱ्या बायकांना हे चांगलं माहीत आहे.

आता शेवटचा, आणि मला सगळ्यात कळीचा वाटणारा मुद्दा. तो कंपनीच्या फाटकाबाहेरचा आहे. जमीन खाणीत जाते तेव्हा नोकरीसाठी कुणाचं नाव द्यायचं, हे कंपनी नाही, घर ठरवतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये दिला. सातबाऱ्यावर तिचं नाव लागतं. पण नोकरीचा कागद होताना तिच्याकडून मागितली जाते ती संमतीची सही. ती बहुतेक वेळा हसत करून देते, कारण माहेर तुटू नये. एका सहीने तिची जमीन गेली, नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर येणारी ती पंचवीस-तीस वर्षांची पायऱ्यांची वाटही गेली. "लग्न झालं, आता ती परक्याची," हे आपलं उत्तर असतं. छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कोल इंडियाच्याच एका प्रकरणात सांगितलं की केवळ लग्न झालं म्हणून मुलीला अनुकंपेच्या नोकरीतून वगळणं घटनेत बसत नाही. न्यायालयाला जे कळलं ते ओसरीवर कळायला किती वर्षं लागतील?

तेव्हा कंपनीला जरूर प्रश्न विचारा. पाच वर्षांपूर्वी लागलेल्या किती बायका आजही त्याच श्रेणीत आहेत? बाळंतपणाहून परतलेलीला तिचंच काम मिळालं की दुसरं? प्रशिक्षणाच्या यादीत त्यांची नावं किती? ज्या कंपनीकडे या तीन प्रश्नांची उत्तरं तयार असतील, ती खरोखर काही करते आहे असं समजा. महिलादिनाचं गुलाबाचं फूल हे त्याचं उत्तर नव्हे.

आणि घरातही विचारा. चंद्रपूरच्या, नागपूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात खाणकामाची पदविका आहे. तिथल्या अर्जावर मुलीचं नाव लिहायला आता कायद्याची आडकाठी उरलेली नाही. वणी, मारेगाव, झरीच्या किती घरांत तो अर्ज यंदा मुलीसाठी आणला जाईल, ते मात्र कुठलीच कंपनी ठरवू शकत नाही.

(आकाशवाणी यवतमाळ केंद्रावरील भाषणाचा संपादित अंश)